बांधावरचा माड

पालघरकडच्या माहीमच्या मागच्या आळीतल्या बळवंत राऊतांना एकच व्यसन. तंबाखू नाही, विडी नाही, पत्ते तर त्यांनी जन्मात हाती धरले नाहीत. रिकामी जमीन दिसली की तिथं काहीतरी लावायचं, हे ते व्यसन. परवानगी वगैरे मागाहून, आणि पुष्कळदा तीही नाही. एस.टी.च्या थांब्यामागं अळूची पानं डोलतात ती त्यांची. शाळेच्या नळाच्या सांडपाण्यावर पोसलेली केळ त्यांची, घड मात्र पोरांचा, असा त्यांचा न्याय. मुलगा ललित बोईसरला कारखान्यात आहे, सालवडला दुसऱ्या मजल्यावर राहतो. तिथं काका चार दिवस राहून आले आणि मागाहून सून दिशाला न्हाणीघरातल्या जुन्या बादलीत हळद उगवलेली सापडली. तिनं फोन करून विचारलं, तर म्हणाले, बादलीला भोक पडलं होतं, फुकट गेली असती.

त्यांची स्वतःची वाडी तर बघायलाच नको. माड, माडांच्या मध्ये पोफळी, पोफळींना टेकून केळी, केळींच्या सावलीत पानवेली, आणि उरलेल्या टीचभर जागेत चवळी. वारासुद्धा त्या वाडीतून अंग चोरून जातो. आळीतले लोक म्हणतात, बळवंतकाकांसमोर फार वेळ स्वस्थ उभं राहू नये, पायाशी आळं करून पाणी घालायला लागतील.

मूल जन्मलं की त्याच्या नावानं माड लावायचा, ही या घराची जुनी रीत. ललितचा माड विहिरीशी आहे. काकांचा स्वतःचा माड ओटीसमोर, अंगणाच्या ऐन मधोमध, काकांसारखाच सत्तरीला टेकलेला. शेंड्यावर केविलवाण्या चार झावळ्या. नारळ धरलाच तर सुपारीएवढा होऊन गळतो, आणि गळतो तोही नेमका माईंच्या पापडांवर. माई म्हणजे काकांची बायको. दर उन्हाळ्यात वाळवण घालताना त्या वर बघून म्हणायच्या, की दोघांनीही फळ देणं सोडलंय, निदान एकाला तरी उतरवा. काका सुपारी कातरता कातरता विचारायचे, "मी अजून हाय ना?" की संपला वाद.

या माडांबद्दल आणखी एक गोष्ट पक्की: पोराच्या माडाला कोणी नावं ठेवायची नाहीत. वाकडा झाला, खुरटला, भुंगा लागला, काही बोलायचं नाही. बोललेलं पोराला लागतं म्हणतात. ललितचा माड विहिरीवर इतका कललाय की पाणी शेंदताना झावळी कानात जाते, पण आजवर कोणी ब्र काढलेला नाही. हे जरा ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच झाला.

आता बांधाकडे वळू. आळीच्या वरच्या अंगाला, उगवतीच्या टेकाडांतून एक ओहोळ येतो आणि वाड्यांच्या कडेकडेनं खाडीला मिळतो. एरवी गरीब बिचारा, म्हशीसुद्धा त्याला जुमानत नाहीत. पण वर मुसळधार आणि खाली खाडीला उधाणाची भरती असं एकदम जुळून आलं, की खाडी त्याचं पाणी घेत नाही. मग तो मागं फिरतो आणि वाड्यांत शिरतो. एका वर्षी असा शिरला की पानवेली मुळातून कुजल्या, विहिरी गढूळ झाल्या, आणि आळीच्या अगदी टोकाला, ओहोळाकाठी राहणारी साखरबाई शेळीला कवटाळून दुपारपर्यंत घराच्या छपरावर बसून होती. साखरबाई एकटी बाई, पाच घरच्या वाड्यांत खुरपणीला जाणारी. काका होडीतून तिला आणायला गेले तेव्हा ती आधी शेळीला उतरवा म्हणून हटून बसली होती.

त्या दिवसापासून काकांनी ध्यास घेतला. ओहोळावर वर एक बांध घालायचा. मोठं काही नको, मातीचाच, दोन पुरुष उंचीचा, तळाला पाइप. म्हणजे लोंढा वर अडेल आणि पाणी पाइपातून बेताबेतानं खाली येईल. पालघरच्या कचेरीत त्यांनी इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई न सांगता त्यांचा चहा टाकायला लागला. कचेरीच्या पायरीशी आज गवती चहाचा एवढा मोठा गड्डा आहे, तो कोणी लावला हे सांगायला नको. बांधाला जागा हवी म्हटल्यावर त्यांनी आपल्या माळाची पट्टी देऊन टाकली. शेवटी बांध झाला. आणि झाला तो असा झाला, की त्यानंतर कितीही उधाण येवो, आळीत पाणी म्हणून आलं नाही. तेव्हापासून बळवंतकाका म्हणजे बांधवाले काका.

बांधाची राखण त्यांनी डोळ्यांत तेल घालून केली. म्हैस चढली की धावले. कोणी मोटारसायकल वर घातली की हातातली कोयती तशीच घेऊन धावले. खेकड्यांसाठी बिळं उकरणाऱ्या पोरांच्या आईबापांपर्यंत गेले. केळव्याला आलेले मुंबईचे पाहुणे फिरत फिरत इकडे येऊन फोटोसाठी बांधावर उड्या मारायचे, तर काका त्यांना उड्या मारून झाल्यावर माती चोपायला लावायचे. बांधाला एक ओरखडा सोसायचा नाही, असा त्यांचा खाक्या. पण म्हणतात ना, लोकां सांगे ब्रह्मज्ञान, तसं झालं होतं. कारण बांधावर सगळ्यांत मोठा गुन्हा खुद्द काकांचाच होता, आणि तो आता चांगला डोक्यावरून गेला होता. झावळ्यांसकट.

झालं होतं असं. बांधावर शेवटचा थर चोपला त्याच आठवड्यात ललितला मुलगी झाली, किंजल. काका कोंब आलेला नारळ हातात घेऊन तिच्या माडासाठी जागा शोधायला निघाले. वाडीत पाऊल ठेवायला जागा नव्हती, ही करणी त्यांचीच. दोनदा फेरी मारली, अंगणात उभे राहिले, स्वतःच्या माडाकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि फिरत फिरत बांधावर गेले. तिथं ती माती. ताजी, ओलसर, लुसलुशीत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. वाडीवाल्याचे हात शिवशिवणार नाहीत तर काय होईल? झाडाची मुळं माती धरून ठेवतात, हे तर शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे नातीचा माड बांधाला धरील आणि बांध आळीला. काकांना स्वतःच्या अकलेचं कौतुक वाटलं. त्यांनी बांधाच्या बाहेरच्या उतारावर आळं केलं आणि नारळ लावला.

माड फोफावला. खुद्द किंजलला त्याचं विशेष काही नव्हतं. सुट्टीत आली की तिचा जीव केळव्याच्या समुद्रावरच्या घोड्यात. पण काका रोज संध्याकाळी तिथं जायचे आणि तिला फोनवर माडाची खुशाली सांगायचे. कचेरीची माणसं कधी बांध बघायला यायची, तेव्हा काका त्यांना ओटीवर बसवून शहाळी द्यायचे. ओटीवरून बांधाचं अलीकडचं टोक तेवढं दिसतं. दिसतो ना सरळ? दिसतो. झाली पाहणी.

गेल्या श्रावणात मात्र माडाच्या बुंध्याखाली ओल दिसली. मग ओलीची धार झाली, करंगळीएवढी. काकांनी ती दोनदा वाकून पाहिली. तरी त्यांनी गाजावाजा केला नाही. चिकणमाती आणली, गोणपाटाचे तुकडे आणले, आणि धार बुजवून टाकली. रस्त्यावर जो भेटेल त्याला, त्यानं विचारलं नसताना, सांगितलं की बांधाला घाम येतो, त्यात काही नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

माघात नवी इंजिनिअर आली, मोनाली. तीही सालवडचीच. तिचे वडील रामकिसन मराठवाड्यातून बोईसरच्या कारखान्यात आले आणि इथलेच झाले. तिच्या आजोळी टँकरची वाट बघत हंडे रांगेत उभे असायचे, त्यामुळे पाण्याची चेष्टा तिला ठाऊक नव्हती. काकांनी रिवाजाप्रमाणे शहाळं पुढं केलं. ती म्हणाली, आधी बांध, मग शहाळं. काकांना तिथंच शंका आली.

ती बांधावरून चालत निघाली, काका मागं. तळाचा पाइप पाहिला, जादा पाण्याचा सांडवा पाहिला, गवत पाहून बरं म्हणाली. मग माडापाशी येऊन थांबली आणि हे कोणाचं, असं विचारलं.

"नात हाय माझी," काका म्हणाले.

मोनालीनं मुलगी कुठं दिसते का म्हणून इकडे तिकडे पाहिलं. काकांनी माडाच्या खोडावर हात ठेवला. मग तिला सगळी रीत समजावून सांगितली, ललितच्या माडापासून. तिनं ती नीट ऐकून घेतली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. ऐकून ती बुंध्याशी उकिडवी बसली, मातीत दोन बोटं घातली, आणि गोणपाटाची एक लांबलचक चिंधी ओढून बाहेर काढली. काका आभाळाकडे बघायला लागले. माघात आभाळात बघण्यासारखं काही नसतं.

तिनं आवाज चढवला नाही. मुळं माती धरतात हे खरं, म्हणाली, पण नदीच्या काठाला. बांधात ती पाण्याला वाट दाखवतात. आतलं एखादं मूळ कुजलं की आयती नळी तयार होते, आणि वाऱ्यात माड हलला की बुंध्याशी माती सैल होते. पहिल्यांदा ओल, मग धार, आणि मग एक दिवस बांध त्या जागी फुटतो. पावसाआधी माड काढावा लागेल. तोडायलाच हवा असं नाही, मुळांच्या गोळ्यासकट उचलून दुसरीकडे लावता येईल, मशीन मी देते, तुम्ही जागा दाखवा. पण काकांच्या कानांनी एकच शब्द धरला होता, काढा. पुढचं सगळं वाऱ्यावर गेलं. पोरीनं शेवटी शहाळं घेतलं, पण जरा कोवळं निवडायचं काकांकडून राहून गेलं.

मग काकांनी मोर्चेबांधणी सुरू केली. आळीत घरोघर गेले. बांधावरच्या माडाचा कोणाला काही त्रास? छे, छे, म्हणाले सगळे. किंजलचा माड ना तो, त्याचा कसला त्रास! काकांना जोर चढला. आता एकच साक्ष राहिली होती, पण ती सगळ्यांत वजनाची. साखरबाईचं घर बांधाच्या अगदी खालच्या अंगाला. तिनं मोनालीसमोर सांगितलं की मला काही भीती नाही, की प्रश्नच मिटला. एवढा बांध आणला तो मूळ कोणासाठी? ती नाही म्हणणारच नाही. काकांनी वेलची केळ्यांची फणी घेतली आणि गेले.

साखरबाईनं हातातली खुरपी टाकून त्यांना घरात बोलावलं. बसा म्हणून खाट दाखवली. काका मूळचे बुटके. खाटेवर बसायला त्यांना चक्क टेकून वर चढावं लागलं, आणि बसले तर पाय जमिनीला पोचेनात. शाळेतल्या पोरासारखे दोन्ही पाय लोंबकळत राहिले. साक्ष काढायला आलेल्या माणसाला ते शोभेना. त्यांनी खाली वाकून पाहिलं, तर खाटेच्या चारी खुरांखाली विटांचे थर. मग त्यांची नजर वर गेली. तांदळाचा डबा आढ्याला टांगलेला. ट्रंक फळीवर. चुलीची लाकडंसुद्धा माचावर चढवलेली. बाहेर माघाचं कोरडं ऊन, ओहोळात पाणी घोट्याला लागेल न लागेल, आणि ही बाई घर उचलून बसलेली.

काकांनी विचारलं, हे काय गं?

साखरबाई केळ्यांची फणी कोपऱ्यात ठेवत होती. तिनं मागं न बघताच सांगितलं.

"बांध झाला तेवा खाट खाली उतरवलेली, काका. गेल्या श्रावणात तुमच्या माडाखालून पाणी आला, तेवा परत चढवली."

काका म्हणाले, "मग बोलली का नाय तू मला? एवढे महिने?"

आता ती वळली. तिला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"किंजूचा माड ना तो. पोराच्या माडाला कोण वाईट बोलणार?"

काकांना लाज वाटली. सरळ, साधी लाज, कान तापतात तशी. आळीतली सगळी माणसं छे छे म्हणाली होती, ती का म्हणाली होती ते आता त्यांना कळलं. ज्या बाईसाठी बांध आणला, ती बाई बांधाच्या खाली बसून त्यांच्याच नातीला बोल लागू नये म्हणून तोंड शिवून विटा रचत होती. ते खाटेवरून उतरले, म्हणजे जवळजवळ उडी मारूनच उतरले, आणि साक्षीचा विषय न काढता घरी आले. वाटेत ग्रामपंचायतीजवळ रस्ता खोदून मऊ मातीचा ढीग पडला होता, तिकडेही त्यांनी पाहिलं नाही. यावरून काय ते समजा.

संध्याकाळी त्यांनी मोनालीला फोन केला आणि जागा दाखवतो म्हणाले. मग माडावर चढणाऱ्या जिव्याला निरोप धाडला, कोयती अन् कुऱ्हाड घेऊन ये.

सकाळी जिव्या आला तेव्हा माई अंगण सारवत होत्या. त्यानं कमरेला दोर बांधला आणि कोणता उतरवायचा म्हणून विचारलं. काकांनी अंगणातल्या माडाकडे बोट केलं. त्यांच्याच.

वास्तविक माईंनी नारळ फोडायला हवा होता. जन्मभर ज्या माडाच्या नावानं बोटं मोडली, तो आज उतरत होता. पण माई शेणाचे हात तसेच घेऊन उठल्या आणि माडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कोणी याला हात लावायचा नाही. जिव्या दोर सोडून बांधाकडे बघत बसला. नवराबायकोच्या मध्ये पडायचं नाही एवढी अक्कल त्याला होती.

काकांनी समजावलं. जागा हीच एक आहे, किंजलचा माड इथं येईल, तुझ्या डोळ्यांसमोर राहील. माई ऐकेनात. पापड काय, माळ्यावर वाळवीन म्हणाल्या, नाहीतर करणारच नाही. काका म्हणाले, अगो तूच तर म्हणायचीस म्हातारा उतरवा. त्यावर माईंचं तोंड रडवेलं झालं.

"मी काय खरं म्हणत होते काय?" त्या म्हणाल्या. "तुमी असताना तुमचा माड पाडायचा नाय. मला भ्या वाटतं."

काका त्यांच्याजवळ गेले. इतक्या वर्षांत त्यांनी माईंना भर अंगणात, परक्या माणसासमोर कधी हात लावला नव्हता. त्यांनी माईंचा शेणानं माखलेला हात धरला.

"मी काय शेंड्यावर राहतो काय?" ते म्हणाले. "माड गेला म्हणून मी जात नाय. अन् गेलोच, तर जागा तरी रिकामी राहणार नाय."

माई रडता रडता हसल्या. हसणार नाहीत तर काय, साऱ्या आयुष्याची फजिती त्या एका वाक्यात होती. मग त्यांनी हात धुतले, हळदकुंकू आणलं, माडाच्या बुंध्याला लावलं, तांदूळ वाहिले आणि पदर पुढं घेऊन आत गेल्या. जिव्यानं आधी शेंडा उतरवला, मग खोड दोराला धरून सावकाश निजवलं. काका ओटीवर बसून बघत होते. माड पडला तेव्हा त्यांनी छातीवर हात ठेवला, थोडा वेळ थांबले, आणि सगळं ठाकठीक चाललंय म्हटल्यावर जिव्याला मापं सांगायला उठले.

त्या दिवशी जेवताना माईंनी त्यांचा घास न् घास मोजला. दुपारी ते जरा लवंडले, तर माई कपाळाला हात लावून गेल्या. परत आल्या. तिसऱ्यांदा काका डोळे न उघडता म्हणाले, हाय गो अजून.

पुढच्या रविवारी मशीन आलं. झावळ्या बांधून घेतल्या, बुंध्याभोवती खोल चर मारला, आणि किंजलचा माड मातीच्या गोळ्यासकट बांधावरून अल्लाद उचलला. किंजल ललितबरोबर आली होती. आपला माड हवेत लोंबकळत येतोय हे बघून तिला पहिल्यांदाच त्याच्याबद्दल आदर वाटला. घोड्यापेक्षा हे भारी, असं तिनं जाहीर केलं. माड अंगणात बसवला, आळं केलं, पहिली कळशी तिच्या हातून घातली.

बांधावर मोठा खड्डा पडला होता. आत खरंच मुळांच्या पोकळ नळ्या निघाल्या, एक तर अंगठा जाईल एवढी. मोनालीनं ती काकांना दाखवली, काकांनी तिच्यात अंगठा घालून पाहिला. मग तिनं सांगितलं तशी चिकणमाती थरांथरांनी भरली. प्रत्येक थराला पाणी शिंपडायचं आणि धुम्मस घेऊन चोपायचं. धुम्मस म्हणजे नुसता दांड्याला लावलेला जड ठोकळा, पण दहा वेळा उचलला की दंड भरून येतात. काका त्या वयात आळीतल्या पोरांच्या बरोबरीनं चोपत होते. मोनालीनं दोनदा सांगितलं, काका बसा. शेवटी तीच एक धुम्मस घेऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली. चोपून झाल्यावर तिथं वीतभरही झाड नसलेली, ताजी, ओलसर, रिकामी माती उरली. मोनालीनं काकांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बजावलं, गवत. फक्त गवत. काका म्हणाले, हरळी तरी लावू देशील ना बाय? ती म्हणाली, हरळी चालेल. त्या दिवशीचं शहाळं काकांनी झाडावर माणूस चढवून उतरवलं होतं.

किंजलचा माड रुसला. चैत्रात अर्ध्या झावळ्या वाळल्या, वैशाखात बाकीच्या पिवळ्या पडल्या. आळीत कोणी काही बोललं नाही, अर्थातच. काका रोज पाणी घालत होते आणि माई रोज काकांची नाडी बघत होत्या. ज्येष्ठात मधून हिरवा, सुईसारखा कोंब वर आला. माईंनी तो स्वयंपाकघराच्या खिडकीतून आधी पाहिला आणि काकांना ओरडून सांगितलं. पापड त्या वर्षी माळ्यावर वाळले.

आषाढाच्या अमावास्येला ते जुळून आलं. वर धो धो, खाली खाडीला उधाण. बांधाच्या पोटाशी पाणी चढलं. काका गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन बांधावर गेले आणि जुन्या जागी खाली उतरून मातीवर तळहात ठेवला. पावसानं वरून भिजली होती तेवढीच. हरळी धरली होती. पाइपातून पाणी बेताबेतानं खाली जात होतं, वाड्यांच्या कडेनं, शहाण्यासारखं. त्यांनी हात पुसला आणि तसेच खाली साखरबाईकडे निघाले.

तिच्या दारापुढं ओहोळावर आता नवा साकव होता, आडवं टाकलेलं माडाचं लांब खोड, वर चालायला सपाट तासलेलं. कोणाचं खोड ते सांगायची गरज नाही. काका त्यावरून जपून पलीकडे गेले. साखरबाई दारातच उभी होती. म्हणाली, रोज सकाळ-संध्याकाळ तुमच्या अंगावर पाय देऊन जाते काका, राग नका मानू. काका म्हणाले, दे गो, तुझं काय वजन हाय.

तिनं आत बोलावलं. तांदळाचा डबा खाली भिंतीशी होता. विटा परसात वळचणीखाली रचून ठेवल्या होत्या, वर शेळी बसली होती. काकांनी खोळ दाराशी ठेवली आणि खाटेवर बसले. बसले तर दोन्ही पाय सपाट जमिनीला टेकले. त्यांनी ते उचलून पुन्हा टेकवून पाहिले. बाहेर ओहोळाचा आवाज चालला होता. साखरबाई चुलीपाशी चहा टाकत होती. तिनं विचारलं, काय झालं, काका?

काका घसा खाकरून मागच्या दाराबाहेर बघायला लागले.

"काय नाय," ते म्हणाले. "त्या विटा ठेवल्यास ना, त्याच्या बाजूचा कोपरा रिकामा दिसतो."